तीन वाक्यं आणि दोन साक्षीदार

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहायला बसले आहे, कारण फोनवर तू मला दोन मिनिटांत वाटेला लावतेस. बरी आहे, गिऱ्हाईक आलंय, ठेवते, एवढंच म्हणतेस. भाऊजी गेल्यापासून सात महिने हेच चाललंय. पूर्वी आपली दोघींची फोनवर जुंपली की तुझं शिलाईचं मशीन थांबायचं आणि भाऊजी कापायच्या टेबलावरून ओरडायचे, की बायकांना आज कपडे द्यायचेत की तुमचं भांडण. आता तू माझ्यावर चिडतसुद्धा नाहीस. परक्या माणसाशी बोलावं तसं नीट बोलतेस, आणि ते मला सहन होत नाही. हे असं चालू द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे. पण त्याआधी माझ्या वर्गात काय झालं ते तुला ऐकावं लागेल. कंटाळा आला तरी पत्र मध्येच मिटून ठेवू नकोस, तुला ती सवय आहे.

यंदा माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, एकतीस मुलं. जूनमध्ये एक जण वर्गात ओकला, तर बाकीचे तीस पोट धरून हसले. मला इतका राग आला की मी मोठ्या बाईंकडे जाऊन आठवड्याचा एक तास मागून घेतला, मनाचा तास. गणित शिकवतो, भाषा शिकवतो, मग समोरच्याला काय होतंय हे ओळखायला का शिकवायचं नाही? मोठ्या बाई तशा वाईट नाहीत, पण त्यांना भिंतीवर काहीतरी लावलेलं दिसावं लागतं. तेव्हा मी तक्ता केला. उभ्या रांगेत मुलांची नावं, आणि ज्याने दुसऱ्याचं मन ओळखलं त्याच्या नावापुढे एक चमकता तारा. पाच तारे झाले की मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचं. पहिल्याच आठवड्यात कार्टी थापा मारायला लागली, म्हणून मी नियम केला की ताऱ्यासाठी दोन साक्षीदार हवेत. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते म्हणून सांगू! शिक्षकांच्या बैठकीत तो नियम मी दोनदा सांगितला.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात. झोपेतून उठल्यापासून जी सुरू होते ती थांबतच नाही. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे कुठल्या इमारतीतली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकते हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. सप्टेंबरात ते आजारी पडले आणि तीन आठवड्यांत गेले. रेडिओ बारा दिवस शाळेत आली नाही. ती येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मनाचा तास घेतला आणि मुलांना विचारलं, की उद्या तिच्याशी काय बोलाल? एकाने विचारलं की तिचा डबा आता कोण भरणार. मला ते भलतंच वाटलं, मी त्याला खाली बसवलं आणि फळ्यावर तीन वाक्यं लिहून दिली. तुझं दुःख मी समजू शकते. ते कायम आपल्यासोबतच असतील. तू खंबीर राहा, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. मुलगे असाल तर समजू शकतो म्हणा, हेही सांगितलं. तीनदा म्हणवून घेतली, पाढ्यांसारखी.

दुसऱ्या दिवशी रेडिओ आली आणि मुलं तिघातिघांनी तिच्याकडे जायला लागली. एक बोलणारा आणि दोन साक्षीदार. बोलून झालं की साक्षीदारांपैकी एक बोलायचा आणि बोलणारा साक्षीदार व्हायचा. बाकामागे रांग लागली. एकाने तीनही वाक्यं एका श्वासात संपवली आणि तिथूनच माझ्याकडे हात वर केला. मधल्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे एकोणीस ताऱ्यांची मागणी आली होती. आणि ताई, मी त्यातले सहा तारे चिकटवले. सातवा चिकटवताना मागे वळून बघितलं तर बाक रिकामा. ती मुलींच्या स्वच्छतागृहात कडी लावून बसली होती. अर्धा तास मी दाराबाहेर उभी राहिले, शेवटी तिच्या आईला बोलवावं लागलं.

त्या दिवसापासून रेडिओ बंद. यायची, बसायची, वहीत लिहायची, पण तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. तिच्या आईने मला सांगितलं, की घरीही तेच आहे, आणि असंच राहिलं तर तिला मावशीकडे दुसऱ्या गावच्या शाळेत घालीन. या मुलीचा आवाज माझ्या वर्गात गेला होता, तर तो माझ्याच वर्गात परत यायला हवा, एवढं एकच मला दिसत होतं. आईकडून मी महिनाभराची मुदत मागून घेतली. तक्ता त्याच संध्याकाळी उतरवला. मोठ्या बाई म्हणाल्या की सोमवारी प्रशिक्षणवाले पाहुणे खास तो तक्ता बघायला येणार आहेत, तेवढं होऊ दे. मी सांगितलं की तक्ता परत लागणार नाही, तास काढून घ्यायचा तर घ्या, मी गणिताच्या तासाला हेच शिकवीन. पाहुणे आले, मोकळी भिंत बघून विचारायला लागले की मुलांची प्रगती मोजता कशी. मला अजून माहीत नाही, असं मी सांगितलं. मोठ्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तास अजून वेळापत्रकात आहे.

पण तक्ता काढून काय होणार? मी तिला फुलासारखी जपत होते. खिडकीची जागा कायमची तिला देऊन टाकली. तिच्या शेजारी एक मुलगी बसायची, जिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण ती पेन्सिलीच्या टोकावरूनही खटला चालवते. त्या भांडकुदळीचा त्रास नको म्हणून मी तिला आधीच पार मागच्या बाकावर पाठवलं होतं. सगळं वातावरण कसं गोड, मऊ, शांत. अकरा दिवस गेले, रेडिओ काही बोलेना.

बाराव्या दिवशी, गणिताचा तास चालू असताना, वकीलबाई दप्तर उचलून पुढे आली, रेडिओच्या शेजारी धपकन बसली आणि तिला सरक म्हणाली. त्यांचा म्हणे करार होता, खिडकी एक आठवडा हिची, एक आठवडा तिची. मधल्या सगळ्या दिवसांचा हिशेब वकीलबाईच्या वहीत होता आणि त्याप्रमाणे खिडकी आता हिची होती. मी खडू टाकून धावणारच होते. तेवढ्यात रेडिओ बोलली. घसा बसल्यासारख्या आवाजात म्हणाली, की गैरहजेरीचे दिवस धरायचे नसतात. वकीलबाई म्हणाली धरायचे असतात. आणि ताई, जी जुंपली! मी मध्ये पडले नाही, खडू हातात धरून फळ्यापाशीच उभी राहिले. पूर्ण तास गेला, भागाकार फळ्यावर तसाच राहिला. भांडता भांडता रेडिओ रडायला लागली, खूप रडली, बाबा म्हणून रडली. वकीलबाईने तिला गप्प केलं नाही. ती शेजारी बसून राहिली. रडणं ओसरल्यावर मात्र तिने विचारलं, की मग ते दिवस धरायचे की नाही?

सुट्टीत मी वकीलबाईला बाजूला घेतलं. बाकीच्यांसारखं तू तिच्याशी का बोलली नाहीस, असं विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच मठ्ठ आहे. म्हणाली, बाई, ती वाक्यं मला पाठ आहेत, पण त्यांना तिने उत्तर काय द्यायचं ते तुम्ही शिकवलंच नाही.

मी वर्गात जाऊन माझी जुनी वही उघडली. कारण ती तीन वाक्यं मी त्या दिवशी सुचून लिहिली नव्हती, ताई. ती तुला लिहिलेल्या पत्रातली आहेत. भाऊजी गेले तेव्हा मी दोन दिवस राहिले, परीक्षेचं कारण सांगून परत आले, आणि मग तुला ते पत्र पाठवलं. त्याचा कच्चा मसुदा माझ्या वहीत होता. छान उतरलंय म्हणून तोच मी मुलांना शिकवायला घेतला. तू त्या पत्राला उत्तर दिलं नाहीस म्हणून सात महिने मी मनात तुझ्यावर रागावून आहे, हे आज कबूल करते. एकतीस मुलांना शिकवायला निघालेल्या तुझ्या बहिणीने तुला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. परीक्षा तर त्याच्या पुढच्या आठवड्यात होती, मला तुझ्या घरात थांबायची भीती वाटली, खरं कारण तेच. ते पत्र फाडून टाक. शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे, सुट्टीचे सगळे तीन आठवडे राहणार आहे. येऊ का, असं विचारत नाही, कारण तू नको म्हणशील. दुकानात बटणं लावीन, तू वाकडी लागली म्हणून ओरड, मी उलट बोलीन. आणि एक सांग मला. शेवटच्या रात्री तू एकटीच त्यांच्याजवळ होतीस. तेव्हा काय काय झालं? मला सगळं ऐकायचं आहे.

तुझीच,
धाकटी