चौथ्या फितीची जागा

प्रिय आप्पा,

शरणार्थ. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय, त्याला कारण तुमचा पुतळा! हसू नका. देवणीजवळच्या आपल्या गावात शाळेसमोर तुमचा अर्धपुतळा बसतोय. मूर्तिकारानं मला लातूरला फोन केला, "ताई, कॅप्टनसाहेबांच्या छातीवर पदकांच्या फिती कुठल्या काढू?" मी म्हणाले, बघून सांगते. बघायला गेले आणि जुनं दुखणं उकरून बसले.

तुमचा लष्करी कोट माझ्याच ट्रंकेत आहे. खिशाच्या वर तीन फिती शिवलेल्या, आणि दंडाकडच्या टोकाला एक जागा रिकामी. दोऱ्याची भोकं अजून दिसतात. नोकरीत असतानाच्या फोटोत मात्र चार फिती आहेत.

ह्या एका फितीनं माझं लहानपण खाल्लंय, आप्पा! शिवाकाका, तुमचा सख्खा चुलतभाऊ, पारावर बसून सांगायचा, "कॅप्टनचं एक पदक सरकारनं काढून घेतलं. केली आसंल काय तरी भानगड." शाळेत पोरी मला विचारायच्या. मी तुम्हाला विचारलं तर तुमचं एकच उत्तर, "लोकाला काय काम हाय?" आणखी एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

आता गंमत ऐका. पुतळा समितीचा अध्यक्ष कोण? शिवाकाका! मला म्हणाला, "सुमे, सात फिती लाव. शेजारच्या गावच्या पुतळ्याला सहा हायत. आन् सात दिसल्यावर गेलेली कोण मोजतंय? जुनी गोष्ट झाकून जाईल." म्हणजे डाग ह्यानंच लावायचा आणि वरून पांघरूणही ह्यानंच घालायचं!

"खोटी एक बी लागणार न्हाई," मी म्हणाले. बोलून तर गेले, पण मनात धाकधूक होतीच. काकाचंच खरं निघालं तर?

नांदेडला ओळखीचे एक निवृत्त सुभेदार राहतात. कोट आणि फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सारून कोट डोळ्यांजवळ धरला. "ही रक्षा पदकाची, पासष्टची. ही संग्राम, एकाहत्तरची. ही सैन्य सेवा." मग फोटोतली चौथी. तिला रंग नव्हता, पण पट्ट्यांची ठेवण आम्ही दोघं फोनवरच्या तक्त्याशी जुळवत बसलो.

"फिती मानानं लागतात, ताई. थोरली छातीच्या मध्याकडं, धाकटी टोकाला. ही सगळ्यात धाकटी. नऊ वर्षं नीट नोकरी केली की मिळते."

"सरकारनं काढून घेतली असेल का?"

"थोरल्या सोडून धाकटीच कशाला घेतील? आन् भोकं बघा की. ओरबाडलेली न्हाई. कुणी तरी एकेक टाका जपून उसवलाय."

परतीच्या एसटीत ते 'नऊ वर्षं' डोक्यात घोळत होतं, आणि एकदम मला पोळा आठवला.

मी पाचवीत असेन. तुम्ही नोकरी सोडून गावी आलेला होता. आपला देवणी बैल चंद्या अंगणात शिंगं रंगवून उभा, आणि तुम्ही ओट्यावर सुईदोरा घेऊन बसलेले. आई ओरडत होती, "आवो, कोट कशाला काढलाव?" तुम्ही म्हणालात, "मी तिकडं व्हतो तवा घर ह्यानं वढलं. माझी नऊ वर्षं धरली, ह्याची कोण धरणार?" मग वेशीत, सगळ्या गावासमोर, तुम्ही चंद्याला कडक सॅल्यूट ठोकलात! लोक खो खो हसले. मी लाजून आईच्या पदराआड लपले. तुम्ही काय शिवत होता ते मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गाव गाठलं. तुमचा नातू बसवराज शेती बघतो. ट्रॅक्टर आलाय, पण एक बैलजोडी हौसेनं ठेवलीय, आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल अजून तुमचीच घालतो. ती काढायला लावली. आरसे, कवड्या, गोंडे, आणि डाव्या अंगाला, पुढच्या टोकाशी, बोटभर फीत. रंग उडालेला. टाके तुमचेच, वाकडेतिकडे.

"आत्या, ही व्हय?" बसवराज म्हणाला. "मला वाटलं आज्जीनं ठिगळ लावलंय!"

झूल मांडीवर घेऊन मी रडले. आणि चिडलेही! बैलाला पदक दिलंत, ते छान केलंत. लेकीला सांगायला काय झालं होतं?

झूल तशीच उचलून काकाकडे नेली. नव्वदीला टेकलाय तो. फोटो आणि फीत शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "त्यानं मला सांगायचं तरी की गं!" आयुष्यात पहिल्यांदा काकाचं आणि माझं एकमत झालं.

मूर्तिकाराला कळवलंय, तीन फिती काढ आणि टोकाची जागा रिकामी ठेव. तो म्हणतो, लोक म्हणतील एक गळून पडली. म्हणू देत. बसवराजचं म्हणणं, झुलीवरची फीत उसवून पुतळ्याजवळ काचेत ठेवू. मी नाही म्हटलं. ती चंद्याची आहे.

तर आप्पा, शब्द देते. येत्या पोळ्याला बसवराजचा बैल ती झूल घालून आधी तुमच्यासमोर येईल, मग वेशीत जाईल. चारी फिती एका जागी दिसतील. सॅल्यूट मी ठोकीन, हसणाऱ्यांनी हसावं. आणि बैलाचा कासरा धरून, सगळ्या गावासमोर, शिवाकाका उभा असेल.

तुमची लेक,
सुमन