केसाची पिन आणि डावा कान

पप्पा, आज बोळिंजच्या गॅरेजमध्ये तसलीच व्हॅन आली, सुरुवातीच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांपैकी. मालक चार ठिकाणी फिरून आला होता. नव्या मेकॅनिकना अशा गाडीचं चेकिंगचं सॉकेट सापडत नाही. स्टिअरिंगखाली हात घालतात, तिथे नसलं की गाडीच भंगार म्हणून मोकळे होतात. जुन्या गाड्यांत ते ॲश-ट्रेच्या मागे असेल, नाहीतर बॅटरीजवळ रबरी टोपीखाली, काही नेम नाही. मी चाचपून काढलं. त्याला स्कॅनर लागतच नाही. दोन पिना तारेने जोडायच्या, चावी फिरवायची आणि इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा लुकलुकला, थांबला, मग चार वेळा. चौदा. माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला आणि मालक विचारायला लागला, काय झालं म्हणून.

होळी भागातल्या आपल्या शेडमध्ये त्या दिवशी पाचूबंदरच्या मासेवाल्या मावशीची व्हॅन उभी होती. मागे बर्फात मासळी, बर्फ वितळून शेडभर पाणी, आणि मावशीची घाई. इंजिन गरम झालं की गाडी चालू होत नव्हती, झालीच तर काळा धूर. तुम्ही तो लांब लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून मुठीला कान लावलात आणि पंप म्हणालात. पंप दोनदा खोलून झाला होता. मी आयटीआय करून आलेला एकोणीस वर्षांचा, अंगात जरा जास्तच शहाणपण. चहा घेऊन आलेल्या आईच्या केसांतली पिन मागून घेतली, वाकवली, सॉकेटमध्ये घातली आणि मोठ्याने मोजलं. चौदा, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. तुमच्यासमोर, गिऱ्हाइकासमोर. "तू मला शिकवतोस?" एवढंच तुम्ही विचारलंत आणि माझ्या कानाखाली जाळ काढलात. मी चाकावर आपटतो, उठायला जातो, तोवर तुमचा बूट बरगडीत बसतो, मग पुन्हा हात, पुन्हा त्याच कानावर. तोंड त्या मासळीच्या पाण्यात आहे आणि पाणी लाल होतंय, हे मला दिसतंय, पण ऐकू काही येत नाही. मावशी काय म्हणाली ते आईने नंतर सांगितलं: "कानातना रगत येतंय त्याच्या, कोनी तरी हात धरा याचा." हात कोणी धरला नाही. आईने डॉक्टरांना सांगितलं, गाडीचं दार लागलं. पडदा फाटला होता, आतली नसही गेली होती.

संध्याकाळी मावशीची गाडी सुरू झाली. तुम्ही सेन्सरच बदलला होतात. हे मला तिच्याकडूनच कळलं, तीही तुमचंच कौतुक करत होती.

तुमचा राग सगळ्या गावाने पाहिला होता. दुसरीकडे दाखवतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची काच तुम्ही व्हील पान्याने फोडलीत. आईचं मनगट दारात चिरडलंत आणि वर तिलाच म्हणालात, मध्ये हात कशाला घातलास. मी आणलेला पहिला स्कॅनर ऐरणीवर ठेवून घणाने चेचलात. त्या दिवशी मात्र माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुमची कॉलर धरून तुम्हाला बॉनेटवर दाबलं, घण उचलला आणि तुमच्या डोक्याशेजारी हाणला. पत्र्याला खड्डा पडला. तुम्ही डोळेसुद्धा मिटले नाहीत. मला तुम्हाला मारायचं होतं, पप्पा, नेम चुकला असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. त्यानंतर मी बोळिंजला वेगळं गॅरेज टाकलं. कानाने निदान करणं माझ्या नशिबातून तुम्ही काढून घेतलं होतं, म्हणून मी डोळ्यांनी शिकलो. आता लांबून लांबून जुन्या गाड्या येतात, लोक म्हणतात हात देवाचा आहे. हात कोणाचा होता ते मला माहीत आहे.

आज व्हॅन गेल्यावर मी तुमचा स्क्रूड्रायव्हर भिंतीवरून काढला आणि माझ्या गाडीच्या इंजिनला टेकवून मुद्दाम डाव्या कानाला लावला. काही नाही, नुसती हाडाला थरथर. मग तो व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडला. मूठ दुभंगली, माझं बोट फाटलं, या कागदावरचा डाग त्याचाच.

हे पत्र मी कुठे टाकणार? जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये घालून ठेवीन. आईच्या हाती पडता कामा नये, कारण शेवटची गोष्ट तिच्यापासूनच लपवायची आहे. तुमच्या शेवटच्या दिवशी फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले, आई त्यांना सोडायला दारापर्यंत गेली, तेव्हा मी तुमच्या खाटेशी डावा, बहिरा कान तुमच्याकडे करून बसलो होतो. तसंच बसायचं मी ठरवलं होतं. तुमचे ओठ हलले, दोनदा, तिसऱ्यांदा तुम्ही माझी बाही ओढलीत. मान वळवली असती तर ऐकू आलं असतं. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. आई परत आली तेव्हा तुम्ही गेला होतात. काही बोलले का, तिने विचारलं. मी म्हटलं, माफी मागितली. ती तिथेच खाली बसून रडली, आणि आजही चर्चमधली मिस्सा सुटल्यावर जो भेटेल त्याला सांगते की जाताना त्यांनी लेकाची माफी मागितली. तुम्ही बहुतेक नुसतं पाणी मागत होतात. तांब्या माझ्या हाताशी होता.