निरीक्षणाखाली ठेवलेली डिस्क

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. खोकला गेला. भाऊजींची पाठ आता कशी आहे? परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझं काहीतरी बिनसलंय, नुसतं हं हं करतोस." बिनसलेलं काही नाही. बोलायला गेलो की माझी त-त-प-प होते, म्हणून लिहितोय.

दुकानात काम भरपूर आहे. गेल्या महिन्यात एक हार्ड डिस्क आली. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांची. शिकणाऱ्या मुलांचे व्हिडिओ तिच्यात होते आणि ती चालता चालता मधेच गायब व्हायची. मी आधी सगळ्याची नक्कल काढली, मग तब्येत तपासली. तपासणीचा प्रोग्राम वर हिरव्या अक्षरांत 'ठीक' दाखवतो, पण त्यावर मी विसंबत नाही. खालचे आकडे वाचतो. खराब झालेल्या बारा जागा डिस्कने स्वतःच बाजूला काढल्या होत्या. वाचताना अडणारी जागा एकही नव्हती. केबलमधल्या चुकांचा आकडा मात्र फुगलेला. केबल बदलली, आणि तो जिथल्या तिथे थांबला.

राहिले ते बारा. मालक म्हणाले, "घाव जुना आहे की नवा ते बघ. दोन-चार दिवस ठेव. आकडा हलला नाही तर देऊन टाक."

आकडा हलला नाही.

बाई रोज संध्याकाळी ओल्या केसांनी यायच्या. "काय डॉक्टर, पेशंट काय म्हणतोय?"

"तापमान ठीक आहे. पण अजून निरीक्षणाखाली ठेवू."

मग त्या स्टुलावर बसायच्या. मी आकडे समजावून सांगायचो, त्या पाण्यात श्वास कसा सोडायचा ते सांगायच्या. दोन-चार दिवस बरेच लांबले. मालक एकदा म्हणाले, "अरे, त्या डिस्कला दत्तक घेतलंस काय?"

ताई, मघाशी बाई म्हटलं, पण ती माझ्याच वयाची आहे.

गुरुवारी ती म्हणाली, "नवीनच घेते. इतके दिवस बरी होत नाही म्हणजे हिचं काही खरं नाही. टाकून द्या." माझ्यापायी धडधाकट डिस्क कचऱ्यात! बोलून गेलो, "ती पहिल्याच आठवड्यात बरी झालीय."

"मग दिली का नाहीत?"

"तुम्ही यायचं थांबवलं असतंत."

मालक गुपचूप आत गेले. तिने डिस्क उचलली. मला वाटलं, संपलं. आणि मग ती खो-खो हसत सुटली. "अहो, मी काय रोज एवढ्या लांबून डिस्कचा ताप विचारायला येत होते?"

माझी शाळा अर्धवट राहिली हेही सांगून टाकलं. म्हणाली, "तुम्हाला पोहता येत नाही, ते जास्त गंभीर आहे." मग विचारलं, "घरी लग्नाचं कुणाशी बोलायचं?" मी म्हटलं, "ताईशी. मला तिनेच वाढवलंय."

तर पुढच्या रविवारी भाऊजींना घेऊन ये. तिला भेट, हवं ते विचार. मी मधे बोलणार नाही. परवानगी मागतोय असंच समज, पण खरं सांगू? माझं 'हो' मी तिथेच, दुकानात, सांगून बसलोय. आता तू नाही म्हणू नकोस गं.

तुझ्या होकारावाचून पुढे पाऊल न टाकणारा,
आणि आज उगीचच हसत सुटलेला
तुझा धाकटा