पाठीमागे माणूस हवा

१० फेब्रुवारी १९५५, गुरुवार. आर्वी

पोचलो एकदाचा. पुलगावला मोठी गाडी सोडून छोटी धरली. तिला गाडी म्हणणे हे कौतुकच. वाटेत एक म्हातारा उतरला, चिंचेखाली बसून त्याने निवांत बिडी ओढली आणि तो पुन्हा त्याच डब्यात चढला. मलाही घाई नव्हती. कॅमेरा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, तर शेजारच्या बाईंनी पोराला ताप आहे का म्हणून विचारले.

नाशिक सोडले ते बरेच झाले. नागपूरच्या कचेरीने काम दिले आहे: आर्वीच्या आसपासच्या बावीस जुन्या विहिरींचे फोटो. कोणती उपसायची, कोणती बुजवायची, ते साहेब लोक फोटो पाहून ठरवणार. बावीस विहिरी म्हणजे तीन-चार आठवडे. तेवढा वेळ तरी कोणी माझ्याकडे पाहून 'अरेरे, बिचारा' म्हणणार नाही.

खोली भैय्याजींकडे मिळाली. निवृत्त मास्तर, ऐकू थोडे कमी. त्यांच्या पत्नी शालूबाई खोलीला खिडकी नाही म्हणून ओशाळल्या. मी म्हटले, बाई, फोटोच्या काचा धुवायला अंधारच लागतो, मला तर महालच मिळाला. त्या हसल्या आणि तुरीच्या डाळीचे वरण वाढून गेल्या. तिखट इतके की अजून कान गरम आहेत.

१२ फेब्रुवारी

कचेरीने बैलबंडीवाला दिला आहे. कवडू नाव, वय पन्नाशीचे, बोलणे बेताचे. त्याला पहिल्याच दिवशी माझे नियम सांगून टाकले. लोक या नियमांना हसतात, हसोत बापडे. माझे गुरू म्हणत, उघड्यावर फोटोग्राफरचा घात त्याची पाठ करते. काळ्या कापडाखाली डोके घातले की पुढची दुधी काच तेवढी दिसते, आणि तिच्यातही जग उलटे. मागून बैल येवो, साप येवो, नाहीतर पायाखालची जमीन संपो, पत्ता लागत नाही.

म्हणून विहिरीच्या काठापासून तीन पावलांवर मी चुन्याच्या फक्कीची रेघ मारतो. तिच्यापलीकडे ना स्टँडचा पाय जाणार, ना माझा. आणि पाठीमागे माणूस असल्याशिवाय कापडात डोके घालायचे नाही. आतून मी मधूनमधून विचारतो, "आहेस?" त्याने उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही की मी बाहेर, मग उजेड गेला तरी चालेल.

कवडूने ऐकून घेतले आणि म्हणाला, "हे काऊन साहेब? मी काय उडून चाललो का?" पण काम नेटके केले. मी विचारले की मागून "हाव". इकडे होय म्हणायची ही रीत. दिवसभर आमचे एवढेच संभाषण झाले, आणि मला ते पुरले.

१७ फेब्रुवारी

सात विहिरी झाल्या. कापूस वेचून झालेली शेते, मैलमैल मोकळी. पळस आत्ता कुठे फुलू लागला आहे.

आज मात्र शिकाऊ पोराची चूक केली. उतरते ऊन पाठीवर घेऊन काच घेतली, आणि धुतल्यावर पाहतो तर फोटोत पुढेच आमच्या सावल्या! स्टँडचे तीन पाय, कापडाखालचे माझे कुबड आणि मागे उभा कवडू. त्याला दाखवली. स्वतःची सावली पाहून तो इतका खूश झाला की ती काच त्यालाच देऊन टाकली.

२३ फेब्रुवारी

चौदा झाल्या. आज लिहायचे नव्हते, पण शालूबाईंनी विचारले, घरी कोण कोण असते. मी म्हटले, कोणी नाही. त्यांनी पुढे विचारले नाही, पण रात्री खोलीत आल्यावर ते 'कोणी नाही' माझ्याबरोबर आत आले.

सरोजिनी असताना बाहेरच्या कामाला तीच माझ्या मागे उभी राहायची. माझ्या सदऱ्याचे टोक चिमटीत धरायची. मी विचारायचो, "आहेस?" ती म्हणायची, "आहे ना." त्या 'ना'वर थोडा जोर असायचा, काय वेड्यासारखे विचारता, असा. काळे कापडही तिनेच शिवलेले, लाल दोऱ्याने, कारण काळा दोरा संपला होता. विषमज्वराने गेली, त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षे होतील. त्यानंतर कवडूच्या आधी मी कोणालाच 'आहेस' म्हणून विचारले नव्हते. खोलीत तर विचारायची सोयच नाही.

१ मार्च

एकवीस झाल्या. बाविसावी राहिली, आणि आज कळते की कवडू ती मुद्दाम टाळत होता. कधी बैल लंगडतो, कधी नाल्यात चिखल आहे. आज तो स्वतःच लंगडत आला. टाचेत बाभळीचा काटा मोडला आहे, पाय चांगला सुजला आहे. आठ दिवस थांबा म्हणाला. कचेरीने तर आठ तारखेपर्यंत सगळ्या काचा मागितल्या आहेत.

मी सायकलवर एकटाच जातो म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. गावापासून चार मैलांवर, नाल्यापलीकडे ती विहीर आहे. कोरडी, कठडा नसलेली. तिच्या बाजूला माणसे दोघे-दोघे मिळूनच जातात. आणि तिथे एक गोष्ट कोणी करत नाही. कवडू म्हणाला, "साहेब, जाचं तर जा. पण थ्या विहिरीवर कोणी हाय का म्हणून इचारू नोका. इचारल्याबिगर ते काई करत नाई."

ते म्हणजे काय, हे मात्र त्याने सांगितले नाही. मी हसलो. जन्मभर नियम पाळणाऱ्याला आणखी एक नियम जड नाही.

३ मार्च

जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

चार वाजता पोचलो. विहीर रुंद, काळ्या दगडाची, आत करंजीचे एक झाड उगवलेले. चौफेर माणूस नाही. फक्कीची रेघ मारली. पाठीमागे माणूस नव्हता, म्हणजे माझा मोठा नियम मी स्वतःच मोडत होतो. एकदाच तर मोडतो आहे, असे मनाशी म्हटले. कापडात डोके घातले, काच जुळवली, आणि वीस दिवसांची सवय जिभेवर होती. तोंडातून निघून गेले, "आहेस?"

मागून आवाज आला, "हाव."

खोटे कशाला लिहू, पहिल्या क्षणी बरे वाटले. कवडू आला असे वाटून मी भिंग उघडले, मोजले, बंद केले आणि मगच बाहेर आलो. मागे कोणी नव्हते. उघडे शेत, पऱ्हाटीचे खुंट, माझी सायकल.

४ मार्च

काच धुतली. पुन्हा तीच चूक, पाठीवर ऊन. पुढे सावल्या पडल्या आहेत. स्टँडचे तीन पाय, माझे कुबड.

आणि मागे एक माणूस. त्याचा हात माझ्या खांद्यावर.

कवडू काल घरी पाय शेकत बसला होता. मी विचारून आलो.

५ मार्च

भैय्याजींना काच दाखवली. त्यांनी ती पालथी ठेवली आणि मग सांगितले. बारा वर्षांपूर्वी महादेवराव नावाचा मोजणीवाला आला होता. परगावचा, एकटा. मोजणीची साखळी ओढत मागे मागे सरकला आणि त्या विहिरीत गेला. लगेच मेला नाही. तीन दिवस खालून हाका मारत होता, कोणी आहे का, कोणी आहे का. गुराख्यांनी ऐकले. भूत समजून कोणी ओ दिली नाही. भैय्याजी सांगताना खाली पाहत होते. त्या गुराख्यांपैकी एक कवडूचा बाप होता.

मग शालूबाई बोलल्या, "त्याले कोणी ओ देल्ली नाई ना, म्हणून थो सगळ्यायले ओ देते. आनं ओ देल्ली का मंग माणूस सोडत नाई."

भीती वाटायला हवी होती. मला त्याची दया आली. तीन दिवस!

७ मार्च

सावलीची काच कचेरीला कशी पाठवणार? सकाळच्या उन्हात पुन्हा गेलो. तोंडात सुपारी धरली, जीभ हलू नये म्हणून. एकदाही विचारले नाही. काही झाले नाही. काच उत्तम आली.

बावीस पुऱ्या. काम संपले. आता परत नाशिक, आणि तिथली खोली. तिला खिडकी आहे, एवढाच फरक.

९ मार्च

आज पुन्हा गेलो. काम नव्हते. मला कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते, हे लिहून टाकतो म्हणजे सुटलो.

स्टँड लावला, कॅमेऱ्यात काच नव्हती. कापडात डोके घातले. आहेस? हाव. महादेवराव का? हाव. एकटाच आहेस? हाव. आवाज साधा, थकलेला, खांद्यामागून येणारा. मला रडू आले. मग मी विचारू नये ते विचारले. म्हटले, सरोजिनी आहे का तिकडे?

कापड दोन्ही हातांनी घट्ट धरले. मग —

हाव.

तो सगळ्यालाच हाव म्हणतो. मला कळते. तेवढे मला कळते. पण त्याच वेळी माझ्या सदऱ्याचे टोक कोणीतरी चिमटीत धरले. मी कापड फेकले, कॅमेरा उचलला आणि पळत सुटलो.

१० मार्च

कापड तिथेच राहिले. तिने शिवलेले. लाल दोऱ्याचे.

११ मार्च

दुपारी खोलीत होतो. शालूबाईंनी दाराबाहेरून विचारले, "आत हायेत का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले.

त्याआधी माझ्या मागून कोणीतरी म्हणाले, "हाव."

त्या बाहेर हसल्या. म्हणाल्या, "आता तुमी पक्के इकडले झाले." चहा ठेवून गेल्या. मी भिंतीला पाठ लावून बसलो. भिंत गार होती. नंतर पाहिले तर भिंत दोन हात लांब होती.

१२ मार्च

सदरा धुवायला टाकला. उजव्या खांद्यावर चुन्याची पाच बोटे.

भिंतीला पाठ — आता लावत नाही. आडवा झोपत नाही. कोणाला काही विचारत नाही, वेळसुद्धा नाही.

१३ मार्च

कवडू लंगडत आला. मी ती काच दाखवली तेव्हापासून त्याला झोप नाही. म्हणाला, "माह्या बापानं ओ देल्ली नाई. मी देतो." उद्या बंडी घेऊन येतो, आपण दोघे जाऊ, कापड आणू, मग तो मला थेट गाडीत बसवून देणार. दहा वाजता, नाल्याशी. तो लांबूनच माझ्या नावाने हाक मारील. मी विचारायचे नाही. कोणी नाव घेऊन हाक मारली तरच तो कवडू, एरवी नाही. हा नियम त्याचा. चांगला आहे. मला सुचायला हवा होता.

नाशिकला जाईन. नक्की. कापड मिळाले की.

१४ मार्च

लवकर आलो. झोप नव्हतीच. नाल्याशी थांबायचे ठरले होते, पण तिथून कापड दिसत होते, काठावर पडलेले. वाऱ्याने आत गेले असते. म्हणून पुढे आलो.

कापड मिळाले. जवळ आहे. आधी रेघ मारली, काठापासून तीन पावले, मग रेघेच्या अलीकडे बसलो. विहिरीकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. तोंडात सुपारी. वेळ जावा म्हणून लिहितो आहे.

साडेनऊ.

कापडाला अजून तिच्या हातच्या — नाही. मातीचा वास आहे.

मागे पावले वाजली. मी विचारले नाही. खांद्यावर हात आला. मी विचारले नाही. कवडू असेल, नाल्यातून आला असेल. किती हलके वाटले. इतक्या दिवसांनी पाठीमागे —

रस्त्यावर बंडी दिसते. लांब. हाकतो आहे तो कवडू. उभा राहिला. हात हलवतो आहे. माझे नाव घेतो. कृष्णकांतजी — फुडं या — फुडं या, असे ओरडतो आहे.

पुढे काय आहे?

पुढे रेघ आहे. रेघ माझ्या पुढे. मी अलीकडे बसलो होतो. हललो नाही. रेघ पुढे, म्हणजे माझ्या मागे —

उठायचे. तीन पावले. कवडू धावतो आहे, लंगडत. उठतो.

सदऱ्याचे टोक धरले आहे. चिमटीत.

मी विचारले नाही. देवाशपथ, या वेळी विचारले नाही. तरी कानाशी, हळू —

आहे ना.

हाव नाही. आहे ना. 'ना'वर जोर. हे कोणालाच ठाऊक नाही, मी फक्त या वहीत —

कवडू, थांब, एकदाच. एकदाच मागे वळून