जिन्याआडचा डबा आणि इतर स्थावर-जंगम

मी, मनिषा धम्मानंद सोनकांबळे, वय एक्कावन्न, धंदा सरकारी नोकरी, राहणार लातूर, लिहून ठेवते की, गेली सहा वर्षे शेजारच्या वसतिगृहातली पोरं माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून भल्या पहाटे मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाठ करतात. माझा चहा हेलियमला उकळतो आणि अल्युमिनियमला उतू जातो. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा चुलीचा धूर खिडकीतून सोडून पाहिला. उत्तर एकच मिळतं : "काकू, सीईटी हाय." एवढं होऊनही ज्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे, तिने मृत्युपत्राला डॉक्टरचा वेगळा दाखला जोडण्याचं कारण नाही. तरी कोणी शंका काढलीच, तर मला उठवून सोडियमच्या पुढचं विचारावं. मेले असेन तर विचारू नये.

ईश्वराला साक्ष ठेवण्याची रीत आमच्या घरात नाही. मी स्वतःलाच साक्ष ठेवून, कुणाच्या दाबाखाली न येता (माझे दीर शेजारीच राहतात, तरीही), राजीखुशीने हे लिहिते.

निमित्त किरकोळ आहे. सोमवारी नांदेडला माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी चालत घरी जाल. जाईनही. पण मी दुय्यम निबंधक कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. "एवढ्यात कशाला" म्हणणारी माणसं जातात आणि मागे सख्खे भाऊ आमच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसतात, हे मी रोज पाहते. शिवाय माझ्या पश्चात एका म्हातारीच्या झोपेचा प्रश्न आहे. तो कलम चारमध्ये येईल. घाई असणाऱ्याने तिथूनच वाचावं. पैशापाण्यात रस असणारे मात्र तिथपर्यंत पोचणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

कलम १. राहतं घर माझ्या पगारातून, माझ्या नावे बांधलेलं, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. ते माझी एकुलती मुलगी यशोधरा हिला. ती नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आहे. माझे पती धम्मानंद यांना त्यात हयातभर राहण्याचा हक्क. त्यांनी ओले बूट दिवाणखान्यात आणू नयेत ही अट मी पंचवीस वर्षे घालते आहे. मृत्यूनंतर ती कायद्याने लागू होईल अशी आशा आहे.

कलम २. भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतलं जे असेल ते यशोधरेला. दागिने तिला. माझा रागही तिलाच आलेला आहे, त्याची वेगळी नोंद नको.

कलम ३. अवजारं. हातोड्या, कैच्या, ड्रिल, पान्यांचा संच हे सगळं धम्मानंदांचंच आहे, मी त्यांना ते देणारी कोण. पण लोखंडी ठोकळा माझा आहे आणि तो मी त्यांना देते. कलम चारमधल्या डब्याच्या पत्र्याला रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात : एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून ठोकळा दाबून धरतो. आतलं माणूस मी. पत्र्याच्या पलीकडे नवरा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मी एकदा ठोकलं म्हणजे बसला, दोनदा ठोकलं म्हणजे वाकडा गेला, काढा. पाच वर्षांच्या रविवारांत आम्ही याच भाषेत बोललो आणि आमचं इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं. माझ्यानंतर त्यांनी आतलं माणूस दुसरं शोधावं. माझी हरकत नाही. फक्त दोनदा ठोकायला न घाबरणारं शोधावं.

कलम ४. डबा. याला नीट सांगावं लागेल.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर परदेशातले डॉक्टर औशाकडे आले, तेव्हा त्यांनी मोटारीमागे जोडून ओढायची एक दोन चाकांची खोली आणली होती. आत दोन बाकं, त्यांचेच रात्री पलंग, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, दारावर १९६४ सालाची पाटी. डॉक्टर गेले, खोली राहिली. सरकारी आवारात बाभळी वाढल्या, त्यांच्या मध्ये ती सात वर्षे उभी होती. पुढे लिलाव निघाला. धम्मानंद तेव्हा एसटीच्या कार्यशाळेत बसचे सांगाडे बांधायचे. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं, म्हणून मी त्यांना लिलावात पाण्याची टाकी घ्यायला पाठवलं. संध्याकाळी ट्रॅक्टरमागे ही खोली आली. पाणी तिच्यातही होतं, पण ते छतातून गळत होतं.

"टाकी?" मी विचारलं.

"टाकी काय कुठंबी मिळती," ते म्हणाले. "ह्याच्यात बसून आपण गोदावरीच्या काठाला जाऊ. तिथंच झोपू. कुणाच्या घरी सतरंजी मागायला नको."

ज्या माणसाने लग्नानंतर मला औशाचा किल्लासुद्धा धड दाखवला नाही, तो असं बोलल्यावर मी गप्प बसले. ती माझी पहिली कबुली समजावी.

प्लायवूड कुजलं होतं, ते मी विळ्याने खरवडून काढलं. बाहेरच्या रंगाचे एकावर एक इतके थर होते, एकेक एकेका देशात दिलेला, की आम्ही खरडता खरडता तीन देशांतून गेलो. खिडक्या कुठेच मिळेनात, तेव्हा मोडीत निघालेल्या बसच्या सरकत्या काचा बसवल्या. येणारा प्रत्येक पाहुणा त्या उघडायला जातो आणि नेहमीप्रमाणे त्या अडकतात. चाकं नांदेडच्या जुन्या बाजारातून आली. रंगावरून महिनाभर अबोला झाला. त्यांना लाल हवा होता. मी म्हटलं, मी नोकरीला लाल एसटीतून जाते, मौजेलाही लालमधून जाणार नाही. शेवटी साईचा रंग लागला आणि खालून एक लाल पट्टी, ती मी पाहत नाही असं ठरलं.

आता चूक. माझे थोरले दीर साहेबराव यांनी त्याच काळात शेजारच्या प्लॉटवर पोरांसाठी वसतिगृह काढलं. सगळा महाराष्ट्र डॉक्टर व्हायला लातूरला येत होता आणि प्रत्येकाला एक खाट पाहिजे होती. साहेबरावांनी संडासाच्या वरसुद्धा खाट घातली. जिन्याला मात्र जागा उरली नाही. एक दिवस ते आले.

"वैनी, तुमच्या कडंची दोन हात पट्टी द्या की जिन्याला. तुम्हाला डब्यासाठी वेल्डिंग मशीन लागती ना? माझी घ्या, लाईटबी माझीच जाळा."

आम्ही दिली. मी, जी दिवसभर लोकांना "कागद करा, तोंडी काही ठेवू नका" सांगते, तिने तोंडी दिली. वेल्डिंग मशीन पाहून धम्मानंदांना इतका आनंद झाला की पट्टी नेमकी कुठली, हे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. ती आमच्या अंगणातून रस्त्याला निघायची वाट होती.

डबा तयार झाला त्या दिवशी गल्ली जमली. यशोधरेने फीत कापली, जीप जोडली, धम्मानंद इस्त्रीचा सदरा घालून पुढे चालले. डबा जिन्यापर्यंत आला आणि थांबला. वाटेपेक्षा वीतभर रुंद निघाला. पोरं वरून टाळ्या वाजवत होती. साहेबराव त्यांच्याच जिन्यावर उभे राहून खाली वाकले.

"वैनी, डबा जरा बारीक करा."

"भावजी, जिना बारीक करा."

दोन्ही झालं नाही. धम्मानंदांनी जीपवाल्याला चहा पाजला, डबा मागे ढकलला आणि त्याच्या दारात बसून लाल पट्टी पुसत राहिले. मी शेजारी बसले. त्या दिवशी मी त्यांना काहीही बोलले नाही, यावरून परिस्थिती समजून घ्यावी. गोदावरी राहिली.

आता म्हातारी. माझी माय, सरजाबाई. भूकंपात आमचं माहेरचं दगडामातीचं घर बसलं आणि वडील आतच राहिले. माय ओसरीत होती म्हणून वाचली. तेव्हापासून ती स्लॅबखाली झोपत नाही. सरकारने तिला नवं पक्कं घर दिलं, तिथे तिने तुरीच्या काड्या ठेवल्या आणि स्वतः बाहेर राहिली. लातूरला आणली, तर दिवसा माझ्या घरात जेवते, टीव्ही बघते, मला नावं ठेवते, आणि अंधार पडला की बाज उचलून अंगणात. पाऊस आला की छत्री धरून बसायची. डॉक्टर झाले, समजावणं झालं. "मनू, तुझं घर चांगलं हाय," ती म्हणायची, "पण त्याला डोक्यावर घिऊन मला झोप न्हाई येत." दोन पावसाळ्यांत तिला दोनदा न्यूमोनिया झाला. तिसरा ती काढणार नाही, हे मला दिसत होतं.

डब्याचं छत एका जागी गळत होतं म्हणून धम्मानंदांनी पत्रा काढून अंगणात ठेवला होता. माय बाजेवर बसून बघत होती. ती म्हणाली, "जावईबापू, हे पडलं तर?"

 ते जास्त बोलत नाहीत, ही त्यांची मोठी संपत्ती आहे. त्यांनी तो पत्रा उचलला आणि हळूच मायच्या डोक्यावर ठेवला. हात काढून घेतले. 

 मायने दोन्ही हातांनी तो वर उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"एवढंच हाय?" ती म्हणाली.

"एवढंच, मामी. वर दुसरं काही न्हाई."

"हे पडलं तर मी झटकून उठन की."

पत्रा बसवला. आतून ठोकळा त्या दिवशी मायनेच धरला आणि प्रत्येक रिव्हेटला दोनदा ठोकलं, कारण तिला ते आवडलं. रात्री माय बाज सोडून डब्यात झोपायला गेली. सकाळी पोरांची आवर्तसारणी संपून गेली, ऊन अंगणात आलं, तरी डब्याचं दार बंद. मी काळजीने सरकती काच ओढली, ती अडकलीच. फटीतून पाहिलं तर माय तोंड उघडं टाकून घोरत होती. तिला असं झोपलेलं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. त्याला दोन पावसाळे झाले.

म्हणून हे कलम. साहेबरावांनी गेल्या महिन्यात प्रस्ताव आणला : दोन्ही प्लॉट एक करू, सगळ्यावर स्लॅब टाकू, तीन मजले काढू. डबा कापून भंगारात. "म्हातारीला पहिल्या मजल्यावर स्वतंत्र खोली देतो वैनी, गीझरसकट." माय म्हणाली, गीझर तर आणखीन डोक्यावर पडंल. धम्मानंद थोरल्या भावापुढे मान खाली घालतात. आजवर वर काढलेली मला माहीत नाही. मी नसले तर ते सही करतील आणि मग अंगणात जाऊन बसतील. तसं होऊ नये म्हणून :

(अ) डबा आणि त्याखालचं अंगण यशोधरेचं. सरजाबाई हयात असेपर्यंत त्यावर स्लॅब, छज्जा, गच्ची किंवा कसलंही पक्कं बांधकाम करू नये. डबा कापू नये, त्यात विद्यार्थी ठेवू नयेत. बाकं दोन आहेत म्हणून दोन पोरं मावतील, हा हिशोब साहेबरावांनी मला बोलून दाखवलेला आहे.

(ब) जिन्याखालची पट्टी मी साहेबरावांना या मृत्युपत्राने कायदेशीर देते. जिना जोवर उभा आहे तोवर ती त्यांची. जिना पाडला, हलवला किंवा बारीक केला, तर पट्टी यशोधरेकडे परत.

म्हणजे डबा बाहेर काढायचा तर जिना पाडावा लागेल, जिना पाडला तर पट्टी जाईल, आणि पोरं वरच्या मजल्यावर पुढच्या सीईटीपर्यंत अडकतील. तीस वर्षे नोकरी करून मी लिहिलेलं हे सर्वांत चांगलं वाक्य आहे. आमच्या साहेबांनीही ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

कलम ५. माझ्यामागे पुण्यानुमोदन साधं करावं. भाषणं दोनच. मी प्रेमळ होते असं कोणी म्हणू लागल्यास माइक काढून घ्यावा.

कलम ६. चुलत नणंदेने माझ्या लग्नातली घागर "वापरून देते" म्हणून नेली. ती आता तिलाच देते, म्हणजे माझ्यामागे तिला कोणी चोर म्हणणार नाही.

कलम ७. हे कलम वकिलांनी काढून टाका म्हटलं. मृत्युपत्रात मेल्यावर द्यायचं लिहितात, देऊन झालेलं नाही. मी ठेवते आहे.

भूकंपाच्या सकाळी गावाकडचे रस्ते बंद होते, बस नव्हती, धम्मानंद कामावर लांब अडकलेले. मी दारात नुसती उभी होते. साहेबराव न विचारता दुधाचा टेम्पो घेऊन गेले आणि दुपारी मायला घेऊन आले. पाऊस होता. त्यांनी स्वतःच्या अंगावरचा रग तिला गुंडाळला होता आणि ते बनियनवर होते. तो रग मायकडेच राहिला, विरून गेला. दिलेलं लिंबूसुद्धा दहा वर्षे बोलून दाखवणारा हा माणूस. पट्टीवरून, पाण्यावरून, जिन्यावरून आमची एवढी भांडणं झाली, पण त्या रगाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

आज सकाळी मी गंजगोलाईच्या बाजारातून एक रग आणला. साहेबराव जिन्यावर पोरांच्या चपला लावत होते. मी तो कठड्यावर ठेवला.

"हे काय वैनी?"

"रग."

"कशाचा?"

"नांदेडला थंडी असती म्हणून दोन घेतले. एक उरला."

त्यांनी तो उलगडून बघितला. मग नीट घडी घातली, काखेत घेतला आणि एकेक पायरी वर गेले.

माझ्या पश्चात तो कोणी परत मागू नये, एवढ्यासाठी ही नोंद.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. साहेबरावांना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं सांगितल्यावर ते "मला काय मिळतंय?" म्हणून विचारत आहेत. मेल्यावर कळेल.

लिहून देणार : मनिषा धम्मानंद सोनकांबळे

साक्षीदार :
१. शेषेराव विठोबा शृंगारे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, लातूर
२. सिद्रामप्पा मलप्पा हालकुडे, किराणा दुकान, लातूर

लातूर, ११ डिसेंबर २००८