भरलेल्या पऱ्याची बातमी

आई,

आपल्या खानावळीत दुपारी खिडकीजवळ बसून जेवायचे ते संपादक अजून आहेत. खूप थकलेत, कानाला यंत्र लावतात, तरी रोज रिक्षाने ऑफिसला जातात. मागच्या बोळात त्यांचा छापखाना होता, तेव्हाचे ते मला जास्त आठवतात. चिरेखाणीत माती ढासळून एक मजूर गेला होता. खाणमालकाचा भाऊ आपल्याच टेबलाशी येऊन म्हणाला, "तेवढं एक छापू नका. वर्षभराची जाहिरात आमच्याकडून." संपादकांनी सोलकढीची वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "पहिल्या पानावर घेतोय. उद्या वाचा." त्यानंतर जाहिराती आटल्या, चार पानांचा पेपर दोन पानांवर आला. "एवढासाच पेपर?" असं मी त्यांच्यासमोर हसले, तर तू मला दंडाला धरून आत नेलंस. "कोणाला हसतेस गो? जा, भात वाढ त्यांना." मी रागाने वाढला. ते मात्र माझ्याकडे बघून हसले होते.

आता आपल्या वाडीचं सांगते. वर सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, मोठ्या इमारती होतायत. समुद्र दिसतो म्हणून मुंबईचे लोक घरं घेतात. बांधणाऱ्याचा भागीदार इथला पुढारी आहे, आणि संपादकांचा तो पेपरही आता त्या दोघांचाच आहे, छापलेलं नाव कोणाचंही असो. उन्हाळ्यात त्यांनी सडा कापून निघालेली माती पऱ्याच्या कोरड्या ओढ्यात टाकली. सड्यावरचं सगळं पाणी ज्या पऱ्यातून वाडीच्या बाजूने खाली जायचं, तो वरच्या अंगाला बुजला आणि त्यावरून डंपर जायला लागले. तुझ्याकडे भाकऱ्या थापायला होत्या त्या वहिनींचं घर अगदी त्या भरावाखाली. मुलगा मुंबईला, त्या एकट्या. "पावसाचं पाणी जाणार कुठून आता?" असं त्या रोज विचारायच्या. मी म्हणायचे, "वहिनी, अर्ज दिलाय ना." अर्ज सगळीकडे दिले होते. कोणी बघायला आलं नाही, म्हणून मी संपादकांकडे गेले.

त्यांचं ऑफिस त्याच बिल्डरच्या इमारतीत आहे. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला, तुझ्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या कालवणाची आठवण काढली. मी फोटो दाखवले. त्यांनी ते एकेक करून पाहिले. मग दाराकडे नजर टाकून म्हणाले, "बाय, बातमी नाही लागायची. पेपर पुरवण्यांवर चालतो. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी, फ्लॅटची पुरवणी. उरलेल्या जागेत बातम्या. तू असं कर, वाडीतर्फे निवेदन दे, जाहिरात म्हणून. पैसे भरून दिलंत तर मला लावता येईल." मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. काहीतरी वाट दाखवतायत असं वाटलं. वाडीने वर्गणी काढली, मजकूर मी लिहिला. शिव्या नाहीत, आरोप नाहीत. पाऊस लागायच्या आधी पऱ्या मोकळा करा, एवढंच. रविवारी वहिनी सकाळीच माझ्या पडवीत येऊन बसल्या. आम्ही पानं उलटली. एका अख्ख्या पानावर आपलाच सडा होता, हिरवागार रंगवलेला, आणि त्याखाली हात जोडलेला पुढारी. आमचं निवेदन कुठेच नव्हतं. सोमवारी ऑफिसातला माणूस पैसे परत देऊन गेला. "जागा नव्हती," म्हणाला.

आषाढात पाणी आलं. भरदुपारी, वहिनी जेवून जरा आडव्या झाल्या असतील. मी अंगणात होते. वरून आवाज आला तो पाण्याचा नव्हता, दगड एकमेकांवर घासल्याचा होता. मी वळून बघते तर त्यांच्या मागच्या भिंतीच्या जागी लाल चिखल आहे आणि तो पुढच्या दारातून बाहेर येतोय. आम्ही सगळ्यांनी हातांनी, घमेल्यांनी, मिळेल त्याने उपसलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या सापडल्या. त्यांची वेणी चिखलात घट्ट बसली होती, ती मी सोडवली.

मुलगा आल्यावर त्याला घेऊन मी परत संपादकांकडे गेले. या वेळी त्यांनी चहा विचारला नाही. टेबलावरचा कागद ओढला आणि माझ्यासमोर लिहायला लागले. अक्षर अजून तेच. पऱ्या, डंपर, आमचे अर्ज, सगळं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मुलाने वाकून त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'अतिवृष्टीत जुने घर कोसळून वृद्धेचा मृत्यू'. त्याखाली पुढाऱ्याने मुलाचं सांत्वन केल्याचा फोटो. पुढारी कधी येऊन गेला, मुलालाही नीट आठवत नव्हतं. मी फोन केला. "काका, तुम्ही लिहिलेलं कुठे गेलं?" ते म्हणाले, "मी लिहिलं होतं गो." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मग म्हणाले, "या वयात आता मला कोण ठेवणार?" पेपरात संपादक म्हणून अजून त्यांचंच नाव असतं.

घर तुझ्या माघारी बदललं असतं तर मी तुला सांगितलं असतं. माणूस बदललेला कसा सांगायचा ते मला कळत नाही. त्यांचा तिरस्कार करावा म्हटलं तर तो कागद वाचून दाखवतानाचा त्यांचा आवाज आठवतो. सोडून द्यावं म्हटलं तर वहिनींची वेणी.

वाडीने तो पेपर बंद केलाय. आता कोणाच्याच दारात पडत नाही. घरोघरी जाऊन सांगण्यात मीच पुढे होते. पण आई, गावात कोण गेलं ते त्यातच कळतं, आणि तेवढं कळल्याशिवाय मला राहवत नाही. मी स्टँडवर जाऊन विकत घेते, तिथेच बाकड्यावर बसून वाचते, आणि येताना पिशवीत तळाशी घालून वर भाजी ठेवते.