वेशीबाहेर गेलेली साखर

रामघाट, काशी
१२ जानेवारी १९९४

चि. सौ. बकुळ हीस काशीहून दादाचा आशीर्वाद.

मी बरा आहे, गुडघ्यांचं मनावर घेऊ नकोस. तुझा ताप उतरला का? उत्तर आलं नाही की नको ते मनात येतं.

बदामाची बर्फी पाठवली आहे. मऊ आहे, दातांवाचून खाता येते. हलवाई म्हणाला, "बाबा, ही चीज मूळ इराणची." शेजारचे गुरुजी उसळले, "पण साखर तिकडे आपल्याकडूनच गेली!"

साखर वेशीबाहेर सुटली. मी मात्र मरेपर्यंत काशीची वेस न ओलांडण्याचं व्रत घेऊन बसलो.

तुला बघावंसं वाटतं गं. असलं व्रत सोडता येतं का, वाईच्या भटजींना विचारशील? इथे विचारायची लाज वाटते. माझं नाव मात्र सांगू नकोस.

तुझा
विश्वेश्वरदादा